झडतीसाहेबांची बोट

झडतीसाहेबांना फुकट काही मिळालं की त्यांची झोप उडायची. त्यामुळे मेव्हण्याने आपली जुनी मासेमारीची बोट एक पैसाही न घेता त्यांच्या अंगणात आणून ठेवली, तेव्हा आनंद व्हायचा राहिला बाजूला, घरात तपास सुरू झाला.

झडतीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कापडाच्या एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी सगळी नोकरी काढली. पाळी सुटली की कामगार रांगेने बाहेर पडत आणि साहेब एकेकाची पिशवी, डबा, खिसे तपासत. ते 'जा' म्हणेपर्यंत कुणी जागचा हलत नसे. बाहेर जाणाऱ्या मालमोटारींच्या दारांना तार ओवून सील ठोकायचं कामही त्यांचंच. सील कसं हवं, यावर त्यांचं मत ठरलेलं होतं. दुसऱ्या कुणी हात लावला तर ते कळलं पाहिजे, आणि आपल्याला मात्र वाटेल तेव्हा काढून आत बघता आलं पाहिजे. खिळे मारून कायमची बंद केलेली पेटी दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "एवढं बंद करायचं कारण काय?" असं ते विचारत, आणि बहुतेकांना त्याचं उत्तर देता येत नसे.

कामगारांनी ठेवलेलं हे नाव त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट बरंच वाटलं. भोळा म्हणून ओळखलं जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. दूधवाल्याचं दूध ते पेल्यात घेऊन उजेडात धरू लागले. शेजाऱ्याने हसून नमस्कार केला की त्याचं काय काम असेल यावर त्यांची सकाळ जायची. बायको बाजारातून आली की दारातच पिशवी घेत, तिचं ओझं हलकं करायला नव्हे, तर आत हात घालायला. एकेक भाजी बाहेर काढून विचारत, "हे कुणाकडून घेतलंस? आणि इतका उशीर?" पहिल्यांदा ती हसली. मग चिडली. नंतर नंतर ती दारात आली की आपणहून पिशवी पुढे करायची आणि त्यांचं आटपेपर्यंत भिंतीकडे बघत उभी राहायची. साहेबांना वाटायचं, चला, बायकोला शिस्त लागली.

तिला माहेर म्हणून एवढा एक धाकटा भाऊ उरला होता. तो पूर्वी मासेमारी करायचा. कंबर धरल्यापासून त्याने समुद्र सोडला आणि धक्क्याजवळ बोटींच्या इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याची बायको वारल्यावर लेकीला त्याने एकट्याने वाढवलं. तीही आता त्याच दुकानात त्याच्या बरोबरीने काम करायची. दर रविवारी सकाळी ती दोघं ताईकडे यायची. त्या दिवशी ताईचा आवाज घरात जरा मोठा असायचा.

बोट अशाच एका रविवारी आली. फायबरची, लांबट, पोटाशी रुंद. दुकानामागे वर्षानुवर्षं पालथी पडून तिची रया गेली होती. रंगाचे पोपडे सुटले होते, काठावर तडे होते आणि आतल्या कोपऱ्यात कुठल्याशा पक्ष्याने घरटं करून सोडून दिलं होतं.

"किती द्यायचे?" साहेबांनी विचारलं.

"दाजी, लाजवता की काय? घ्या. तुमचा वेळ जाईल, माझी जागा मोकळी होईल. तयार झाली की दोघं जाऊ गळ टाकायला."

"आणि कागद?"

मेव्हण्याने खिशातून कागद काढून दिले. साहेबांनी ते पुढून वाचले, मागून वाचले. कुठेच खोट सापडेना. एवढ्या जुन्या बोटीचे कागद इतके व्यवस्थित कसे, ही शंका त्यांनी तूर्त मनातच ठेवली.

"सगळं करा," मेव्हणा म्हणाला. "घासा, तडे भरा, रंग काढा. फक्त मागच्या फळीला हात लावू नका. इंजिन टांगतात ना, ती. बाहेरून फायबर, आत लाकूड. समुद्र सोडायच्या आधी मीच नवी घातलीय, एकदम पक्की आहे. तिला भोक तेवढं पाडू नका, दाजी."

झालं! तो एवढं बोलला नसता तर साहेब त्या फळीकडे फिरकलेही नसते.

बायको म्हणाली, "अहो, धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत."

"गाय का दिली, ते तरी विचारू?" साहेब म्हणाले आणि चष्मा पुसून बोटीभोवती एक फेरी मारून आले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. नाकातोंडावर फडकं, हातात घासकागद. फायबरची बारीक भुकटी अंगाला लागली की जी खाज सुटते ती आंघोळीनेही जात नाही. साहेब मानेपासून पोटऱ्यांपर्यंत लाल झाले, पण हटले नाहीत. निळ्या रंगाखाली हिरवा रंग निघाला. हिरव्याखाली तांबडा. एवढ्या वेळा रंग का बदलावा माणसाने? ओळख लपवण्याशिवाय दुसरं कारण काय? तांबड्याखाली एका बाजूला मोठं ठिगळ सापडलं, चांगलं हातभर. ही कशावर आपटली होती? का कुणावर? साहेबांनी धक्क्यावर जाऊन चहावाल्याकडे सहज म्हणून विषय काढला. चहावाला म्हणाला, "धक्क्यालाच घासली होती हो एकदा. सगळ्यांच्याच घासतात." याला आधीच पढवून ठेवलेलं दिसतंय, असं ठरवून साहेब चहा अर्धा टाकून परत आले.

तडे भरायला रेझिन आणलं. रेझिन म्हणजे दाट चिकट रस. त्यात हार्डनर म्हणून एक पातळ द्रव अगदी थोडा मिसळायचा, काचेच्या तंतूंच्या चटईवर तो रस चोपडायचा, की ते सगळं दगडासारखं घट्ट होतं. हार्डनर किती घालायचा ते दुकानदाराने नीट सांगितलं होतं आणि मापाचं झाकणही दिलं होतं. पण दुकानदार स्वतःहून माप देतो म्हणजे हार्डनरमध्ये नक्की भेसळ असणार. साहेबांनी दुप्पट घातला. मग विचार करून आणखी थोडा. चटई हातात घेईपर्यंत डबा तापला, रस फुगला, धूर निघायला लागला आणि प्लास्टिकचा तळ वितळून सगळं फरशीवर आलं.

"अहो, काय जाळताय?" बायको धावत आली.

"हार्डनर अस्सल निघाला," साहेब खोकत म्हणाले. त्यांच्या आवाजात जराशी निराशाच होती.

असं करत करत तडे भरले, काठ गुळगुळीत झाला, बोट ओळखू येईनाशी झाली. येणारे जाणारे थांबून बघू लागले. रविवारी मेव्हणा आला की बोटीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "दाजी, हात बसला तुमचा." स्तुती ऐकली की साहेब आणखी सावध होत. आणि हे सगळं चाललेलं असताना मागची फळी तिथे होतीच. गुळगुळीत, बंद, आत काय आहे याचा पत्ता लागू न देणारी. साहेब जेवायला बसले तरी खिडकीतून तिच्याकडेच बघायचे.

एका दुपारी बायको शेजारी गेलेली पाहून त्यांनी ड्रिल काढलं.

पहिल्या भोकातून लाकडाचा पिवळाधमक, कोरडा भुसा आला. चिमटीत धरून वास घेतला. ताज्या लाकडाचा वास. ठीक आहे, पण एका जागेने काय सिद्ध होतं? चोर काय सगळ्याच खिशांत माल ठेवतो? त्यांनी दुसरीकडे भोक पाडलं. तिथेही कोरडं. मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. सगळीकडे तोच पिवळा भुसा. मेव्हणा खरं बोलला होता. एखाद्याला यात समाधान वाटलं असतं.

आता भोकं बुजवायची. उरलेलं रेझिन बाजूलाच होतं. ते भोकांत भरलं असतं तर फळी पुन्हा पहिल्यासारखी झाली असती. पण रेझिन एकदा घट्ट झालं की संपलं. पुन्हा बघावंसं वाटलं तर काय करायचं? फाटकावरची सगळी वर्षं साहेबांच्या मदतीला धावून आली. त्यांनी मेणबत्ती आणली, मेण मऊ करून प्रत्येक भोकात दाबलं, वरून रंगाचा हात मारला. बाहेरून काही कळणार नाही, आणि हवं तेव्हा टाचणीने उकरून आत डोकावता येईल. त्यांच्या लेखी सील असं असावं. त्या दिवशी ते जरा जास्त जेवले.

त्यानंतर कडक ऊन पडलं आणि ऊन सरल्यावर पाऊस लागला. बोट अंगणातच, कारण पाऊस उघडल्यावर तिला पाण्यात उतरवायचं ठरलं होतं. वर ताडपत्री होती, पण ती पुढे ओढली की मागचं उघडं पडायचं. साहेबांनी ती पुढेच ओढली, कारण काठ त्यांनी स्वतः केला होता आणि फळी मेव्हण्याने.

पाऊस थांबला. साहेबांनी छोटी हातोडी घेऊन बोट ठोकून पाहिली. चांगलं फायबर टणटणीत वाजतं. तळ वाजला, बाजू वाजल्या, पण मागची फळी भदभद बोलली. साहेबांच्या छातीत धडधडलं आणि खोटं कशाला बोला, त्या धडधडीत थोडा आनंदही होता. मी म्हणत नव्हतो? कुठेतरी पाणी मुरतंय! त्यांनी खालच्या बाजूला एक नवीन भोक पाडलं. तपकिरी, कुबट पाणी ठिबकत बाहेर आलं.

मग आधीचा तो कोरडा भुसा? त्याचंही उत्तर साहेबांनी हातोडी खाली ठेवण्याआधीच शोधलं. मेव्हण्याला माझा स्वभाव ठाऊक. मी कुठे भोकं पाडणार हे ओळखून त्याने तेवढ्या जागी चांगलं लाकूड बसवलं असणार. असा विचार फक्त तेच करू शकत होते, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

रविवारी मेव्हणा लेकीसह आला. साहेबांनी त्यांना पायातल्या चपलाही काढू दिल्या नाहीत. थेट अंगणात नेलं. बायकोलाही हाक मारली.

"ऐक," म्हणत त्यांनी फळीवर हातोडी मारली. "ही तुझी पक्की फळी! काय म्हणाला होतास, हात लावू नका. का लावू नका, ते आज कळलं."

मेव्हणा खाली वाकला. त्याने फळीवरून बोटं फिरवली. एका जागी ती थांबली, तिथे त्याने नखाने जरासं टोकरलं आणि मग नखाकडे बघत राहिला.

"दाजी, ही फळी मध्ये कधी उघडली होती का?"

"प्रश्न मी विचारतोय! सडकी बोट माझ्या गळ्यात बांधलीस. भर पाण्यात इंजिनासकट ही फळी गेली असती म्हणजे? बहिणीच्या कुंकवाचा तरी विचार करायचास. नड होती तर तोंडाने मागायचं होतं, ही असली लबाडी कशाला? चोर आहेस तू, चोर!"

लेक पुढे सरकली. "काका, तोंड सांभाळून बोला. बाबांनी ती फळी..."

मेव्हण्याने तिचा हात धरला. त्याने एकदा ताईकडे पाहिलं. ती बोटीचा काठ घट्ट धरून उभी होती.

"चुकलं, दाजी," तो म्हणाला. "माझंच काहीतरी राहिलं असेल." आणि लेकीला घेऊन, पाणीही न पिता तो निघून गेला.

गुन्हा कबूल! साहेब विजयी मुद्रेने घरात आले. बायको स्वयंपाकघरात उभी होती, चूल पेटवलेली नव्हती.

"ती बोट त्याने आपणहून दिली नव्हती," ती म्हणाली. "मी मागितली होती."

"तू? कशाला?"

"तुम्हाला तपासायला काहीतरी हवं होतं म्हणून. रोज दारात उभी राहून मी माझ्याच घरात झडती देत होते. भावाला म्हटलं, यांना काहीतरी दे रे, माझी पिशवी सोडतील. त्याच्या मासेमारीच्या दिवसांतली उरलेली शेवटची बोट होती ती. विकत मागायला किती जण आले, पण त्याने दिली नव्हती."

या एका गोष्टीत साहेबांना कुठे फट दिसेना. ते बाहेर जाऊन बसले.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. बायकोने तरीही चौघांचा स्वयंपाक केला. त्याच्या पुढच्या रविवारी दोघांचाच केला. ती भांडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं, कारण भांडणात माणूस काहीतरी बोलून जातो. ती काहीच बोलत नव्हती. बाजारातून आली की पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवून आत निघून जायची. त्यांनी त्या पिशवीला हात लावणं सोडलं. भाज्या कितीतरी वेळ दारातच पडून राहायच्या.

शेवटी फळी बदलायचं त्यांनी मनावर घेतलं. बसून तरी काय करणार? मागच्या बाजूचं फायबर कापलं आणि पहारीने उचकटलं. आतलं लाकूड उघडं पडलं, आणि साहेब हातातली पहार तशीच धरून बघत राहिले.

लाकूड सगळं सडलेलं नव्हतं. मधूनमधून ते अजून पिवळं आणि टणक होतं. काळं पडलं होतं ते गोल गोल. प्रत्येक काळ्या गोलाच्या मध्यभागी एक भोक होतं. काही भोकांच्या तोंडाशी मेणाचा चुरा अजून चिकटलेला होता. बाकीच्यांतलं मेण उन्हात वितळून कधीच वाहून गेलं होतं. वरच्या गोलांतून ओल खाली उतरली होती आणि तळाशी सगळी मिळून साठली होती. नवं भोक त्यांनी नेमकं तिथेच पाडलं होतं. जिथे त्यांनी ड्रिल लावलं नव्हतं, तिथे पाण्याचा थेंबही शिरला नव्हता.

साहेबांनी बरीच धडपड केली. लाकूडच हलकं असेल. फायबर पातळ असेल. पण ते काळे गोल काही हलेनात. खाजवून खरूज काढावी तसं त्यांनी केलं होतं, आणि वर त्याचा आळ दुसऱ्यावर घातला होता. कुणी पाहिलं नव्हतं. फळी तोडून जाळून टाकली असती तर आयुष्यभर कुणाला कळलं नसतं. त्यांनी ती तोडायला घेतलीही. मग मधला एक तुकडा करवतीने नीट कापून घेतला, कागदात गुंडाळला आणि सदरा बदलला.

"येतो जाऊन," ते म्हणाले. कुठे, असं बायकोने विचारलं नाही.

दुकानात मेव्हणा एका इंजिनाचं झाकण उघडून बसला होता. लेक टेबलाशी पेट्रोलमध्ये सुटे भाग धूत होती. साहेबांनी कागद सोडून तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"भोकं मी पाडली," ते म्हणाले. "आणि मेण घातलं. तुझी फळी चांगली होती."

"माहीत आहे. त्या दिवशी नखाला मेण लागलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता, दाजी?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मेण तूच घातलंस, असं म्हणालो असतो."

"मग? भांडण वाढलं असतं, ताई मध्ये सापडली असती. म्हटलं, आपण आपल्या अंगावर घेतलं की मिटेल." त्याने फडक्याला हात पुसले. "मिटलं नाही, ते वेगळं."

"रविवारी ये. ती..." साहेब हातातला रिकामा कागद दुमडू लागले. "ती आता दोघांपुरतंच रांधते."

मेव्हण्याने फडकं खांद्यावर टाकलं. "मी येईन," तो म्हणाला. "पण चोर म्हणालात ते हिच्यासमोर. हिचं तुम्ही बघा. त्यात मला काही करता येणार नाही."

साहेब टेबलाशी गेले. लेकीने मान वर केली नाही.

"तुझे बाबा खरं बोलत होते," ते म्हणाले. "खोटा मी होतो. फळी माझ्यामुळे सडली."

"आत्याने पाठवलं?" तिने विचारलं.

"नाही गं."

"मग बाबांनी बोलावलं असेल."

"नाही. मी आपणहून आलो."

"आपणहून," ती म्हणाली. तिने हात पुसले, लाकडाचा तुकडा उचलला, उजेडात धरला, उलटा केला, भोकात नख घालून पाहिलं. "बोलाफुलाला गाठ पडावी तसे आलात. बरोब्बर बोट उतरवायची वेळ झाली, आता इंजिन लागणार, ते बाबांकडूनच घ्यावं लागणार. आणि हा तुकडा त्याच फळीचा कशावरून?"

ड्रिल मारताना कुणी पाहिलं नव्हतं. मेण घालतानाही नाही. साहेबांनी खिसे चाचपले, जणू तिथे काही सापडणार होतं. इंजिनाचा विचार तर त्यांच्या मनातही आला नव्हता, पण तो आला नव्हता हे दाखवणार कसं? माणूस खरं बोलतोय हे सिद्ध करायला त्याच्याजवळ कधीकधी काहीच नसतं, हे त्यांना या वयात पहिल्यांदा समजलं, आणि त्यांना फार लाज वाटली.

"माझ्या शब्दाशिवाय माझ्याकडे काही नाही, बाळा," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, पायांपासून चेहऱ्यापर्यंत, सावकाश. मग तुकडा आपल्या बाजूला ठेवून घेतला.

"बघू," ती म्हणाली आणि पुन्हा भाग धुवायला लागली.

झडतीसाहेब तिथेच उभे राहिले. निघावं की थांबावं, त्यांना कळेना. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं,

"जाऊ का मी?"